हायवेसाठी जादा भूसंपादन : अर्धं घर, पडवीतलं दुकान आणि ३जी ची नोटीस

कातळावरचा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. आमचं घर मुंबई-गोवा हायवेला लागून आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. हायवेचा नंबर सतराचा सहासष्ट झाला, चौपदरीकरण आलं, त्यावेळी रस्ता समोरच्या अंगाला सरकला म्हणून आम्ही वाचलो, पुढचा गडगा आणि दोन माड तेवढे गेले. आता तिठ्यावर अंडरपास आणि दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोड करायचाय म्हणून जादा भूसंपादन निघालंय आणि या खेपेला रेघ थेट आमच्या पडवीतून, माजघराच्या भिंतीला चिकटून जाते. म्हणजे घर पूर्ण जात नाही आणि राहतही नाही.

पडवीत चुलतभावाचं किराणा दुकान आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. सातबारावर अजून आजोबांचं नाव, ते जाऊन जमाना झाला. वारस म्हणाल तर आम्ही मुंबईत, एक काका गावी, दोन आत्या, त्यातली एक बडोद्याला, आणि एक चुलतभाऊ दुबईला. नोटीस अर्थातच आजोबांच्या नावाने आलीय!

मोजणी झाली तेव्हा घरी काका एकटेच होते. मोजणीवाले आले, टेप लावला, चहा प्याले, काकांची सही घेतली नि गेले. त्या संयुक्त मोजणीच्या कागदाची प्रत आता हाती आली तर त्यात पडवी 'कच्ची, पत्र्याची' लिहिलीय. आमची पडवी चिऱ्याच्या खांबांची, मंगलोरी कौलं, खाली लादी. पत्रा आहे तो फक्त पुढच्या पावसाळी झापाला. विहिरीचा उल्लेखच नाही, आणि दारची तीन हापूस कलमं 'आंबा रायवळ ३' अशी नोंदलीत. आता ३जी ची (हायवे कायद्याचं मोबदल्याचं कलम) जाहीर नोटीस पेपरात आलीय, हक्क-हरकती मांडा म्हणून, सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात. गावात सगळे एकच सांगतायत, भाव वाढवून मागा. कोणाला अनुभव असेल तर सांगा, आधी काय करू?

शिंपीआळी

३ए ची अधिसूचना (जमीन लागणार ही घोषणा) कधीची आणि ३डी (जमीन सरकारच्या नावे होणं) झालं का ते आधी सांगा. त्यावर पुढचं सगळं आहे.

खलाशी_मामा

कोणाला राग आला तर येवो पण लिहितो. पनवेल-इंदापूरचं काम २०११ ला सुरू झालं, मुलगा तेव्हा बालवाडीत होता तो आता मिसरूड फुटून कॉलेजात गेला तरी आम्ही गणपतीला खड्ड्यातूनच जातो. सगळीकडे ठेकेदाराला शिव्या घालतो आपण, पण निम्म्या ठिकाणी काम अडलं ते जमिनीच्या वादात. चार पैसे कमी-जास्त मिळाले तर मिळाले, रस्ता होऊ द्या की.

सुगरण_नव्हे

मामा, तुमचं घर रस्त्यापासून किती आत आहे?

खलाशी_मामा

अर्धा किलोमीटर ☺ कळलं, ताई.

मंडळअधिकारी_माजी

कातळावरचा, महसूल खात्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, गावात जे चाललंय 'भाव वाढवा भाव वाढवा' ते जरा बाजूला ठेवा. भावाचं भांडण वरपर्यंत लढता येतं, त्याला लवाद आहे, कोर्ट आहे. पण जी वस्तू मोजणीच्या कागदात आलीच नाही तिला भाव कसला लावणार? विहीर नोंदीत नसेल तर तुमचं प्रकरण लवादापुढे जाईल तेव्हा समोरचा म्हणणार, विहीर होती याला पुरावा काय, आणि तोवर त्या जागी डांबर पडलेलं असणार. मी पाहिलेल्या प्रकरणांत लोकांचं खरं नुकसान दरात कमी, पंचनाम्यात जास्त झालंय.

तेव्हा आजच्या आज सक्षम प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतेक तुमचे प्रांतसाहेबच असतील, संयुक्त मोजणीवर लेखी हरकत टाका आणि फेरपाहणी मागा. अर्जात मोघम लिहू नका की 'मोजणी चुकीची झाली आहे'. पडवीची लांबी-रुंदी, खांब चिऱ्याचे किती, छप्पर कसलं, लादी कसली, विहिरीचा व्यास नि खोली, बांधीव की कच्ची, पंप आहे का, कलमं कोणत्या वयाची, हे सगळं लिहा. सोबत घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, पंपाचं वीजबिल, दुकानाचं लायसन. फोटो काढताना घराच्या समोर उभं राहून सेल्फीसारखा नको, हायवेचा किलोमीटरचा दगड किंवा संपादनाची खूण फ्रेममध्ये दिसली पाहिजे. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. आवक क्रमांकाशिवायचा अर्ज म्हणजे रद्दी.

कलमांचं म्हणाल तर झाडांचं मूल्यांकन कृषी खात्याकडून होतं, बांधकामाचं सार्वजनिक बांधकामकडून. त्यांच्याकडे जाणारी यादी या मोजणीच्या कागदावरूनच तयार होते. तिथे 'रायवळ' गेलं की कृषी अधिकारी बिचारा रायवळचाच हिशोब करणार, तो काय तुमच्या दारात येऊन आंबा चाखून बघणार आहे? उत्पन्न देणाऱ्या हापूस कलमाचं आणि रायवळचं मूल्यांकन यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

काकांनी सही केली म्हणून घाबरू नका. ती हजेरीची सही असते, संमतीची नव्हे. मात्र हे अर्जात लिहा, की वयस्कर माणूस एकटा होता, मजकूर वाचून दाखवला नाही.

कातळावरचा

अण्णा (म्हणू का तुम्हाला?), मनापासून आभार. शिंपीआळी, ३ए गेल्या पावसाळ्याआधीचं, ३डी दिवाळीनंतर झालं. दोन्ही पेपरात आलेलं म्हणे, आमच्यापैकी कोणी बघितलं नाही. ३सी ची हरकतीची २१ दिवसांची मुदत तर कधीच गेली, मग आमचा हक्क बुडाला का?

काळाकोट

नाही बुडाला. यात लोकांचा फार गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा आला तर चहा घेऊन बसा.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. ३ए म्हणजे सरकारने सांगितलं, ही जमीन आम्हाला लागेल. राजपत्रात ती आल्यापासून २१ दिवसांत ३सी खाली हरकत घ्यायची, ती कशावर, तर जमीन या कामाला घेण्यावरच. रस्ता इकडून नको तिकडून न्या, माझा गट चुकून आलाय, असलं काही. तिथे 'मला दर कमी आहे' लिहून उपयोग नसतो, कारण दर अजून ठरलेलाच नसतो. मग ३डी, त्या दिवशी जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते, बोजामुक्त. ३ए नंतर एक वर्षाच्या आत ३डी निघालं नाही तर ३ए रद्दबातल होतं, तेव्हा दोन्ही राजपत्रांच्या तारखा एकदा ताडून बघाच (मधे कोर्टाचा स्टे असेल तर तेवढे दिवस वजा). तुमच्या सांगण्यावरून ते वर्षाच्या आत दिसतंय.

म्हणजे 'जमीन देणार नाही' हे दार आता जवळपास बंद. पण मोबदल्याचं दार आत्ता उघडलंय. ३जी मध्ये प्रत्येक हितसंबंधिताने आपला दावा मांडायचा, आणि कलम ३जी(७) छापून भिंतीवर लावा. त्यात चार गोष्टी आहेत. ३ए च्या तारखेचा बाजारभाव, जमिनीचा तुकडा तोडल्यामुळे उरलेल्या जमिनीचं झालेलं नुकसान, संपादनामुळे तुमच्या इतर मालमत्तेला बसणारी झळ, आणि राहतं घर किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च. लोक पहिल्यावर भांडतात आणि उरलेल्या तीन सोडून देतात. तुमच्या केसमध्ये उरलेल्या तीनच मोठ्या आहेत!

अर्धं घर गेलं तर उरलेल्या अर्ध्याला वासे कुठे टेकणार? भिंत नवी घालावी लागेल, छप्पर फिरवावं लागेल. सर्व्हिस रोड भराव घालून उंच होणार असेल तर पावसाचं पाणी तुमच्या माजघरात. उरलेल्या जागेत नवं बांधायचं तर हायवेच्या मध्यरेषेपासूनची बांधकाम रेषा आडवी येणार, ग्रामपंचायत परवानगी देणार नाही. हे एकेक मुद्दे इंजिनिअरकडून लिहून घ्या, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ९४ आहे, मालकाची इच्छा असेल तर घराचा नुसता भाग घेता येत नाही, पूर्ण घ्यावं लागतं असं. हायवे कायद्याखालच्या संपादनाला ते जसंच्या तसं लागू करून घ्यायला भांडावं लागेल, तरी मागणी लेखी करून ठेवा, सगळी भिस्त मात्र ३जी(७) वर ठेवा.

आणि दुकान तुमच्या चुलतभावाचं आहे ना, मग त्याने स्वतंत्र दावा टाकायचा. जमिनीत त्याचा हिस्सा वेगळा आणि धंद्याचं स्थलांतर वेगळं.

ऊसवाला_शिरोळ

वकीलसाहेब गुणांकाचं पण सांगा की. आमच्याकडं रत्नागिरी-नागपूर हायवेच्या चोकाक ते अंकली टप्प्यात तेवढ्यावरनंच रान पेटलं. बाकीच्या टप्प्यातल्या लोकांना चौपट आणि आम्हाला दुप्पट, रस्ता एकच, माती एकच, उसाचं टनेज पण एकच. शेतकरी मोजणी होऊ देईनात, बायका बांधावर आडव्या.

काळाकोट

बरोबर मुद्दा काढलात भाऊ. २०१३ च्या कायद्यात ग्रामीण जमिनीला १ ते २ च्या मध्ये गुणांक लावायचा असतो आणि तो किती हे राज्य सरकार ठरवतं. समजा गुंठ्याचा बाजारभाव १ लाख. गुणांक २ असेल तर झाले २ लाख, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम म्हणजे सोलेशियम, एकूण ४ लाख. हेच ते चौपट. २०२१ मध्ये महाराष्ट्राने राष्ट्रीय महामार्गांसाठी गुणांक २ वरून १ वर आणला, मग तोच हिशोब २ लाखांवर थांबतो. वाद तिथूनच. निवाडा, म्हणजे मोबदल्याचा आदेश, हातात आला की पहिल्यांदा गुणांक किती धरलाय ते बघायचं. बांधकाम आणि झाडांना गुणांक लागत नाही, पण दिलासा रक्कम लागते, ती काही ठिकाणी 'विसरली' जाते. शिवाय ३ए पासून निवाड्यापर्यंत (ताबा आधी घेतला तर ताब्यापर्यंत) बाजारभावावर वार्षिक १२ टक्के.

हे २०१३ चे नियम हायवेला १ जानेवारी २०१५ पासून लागू आहेत. २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने ते पक्कं झालं. त्याआधीच्या संपादनात हायवे कायद्याचं ३जे कलम दाखवून दिलासा रक्कम आणि व्याज नाकारायचे. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कलम तेवढ्यापुरतं घटनाबाह्य ठरवलं. मग महामार्ग प्राधिकरण म्हणालं की हा निकाल पुढच्या केसेसनाच लावा, तेही फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळलं. तेव्हा जुने लोक कोणी वाचत असतील तर आपली कागदं काढून बघा.

शिंपीआळी

बाजारभाव म्हणजे रेडीरेकनर (सरकारी दरतक्ता) एवढंच धरतात का?

मंडळअधिकारी_माजी

रेडीरेकनर किंवा आजूबाजूच्या तशाच जमिनींचे मागच्या तीन वर्षांतले खरेदीखतांचे दर, जे जास्त असेल ते. खरेदीखतांत पण सगळ्यांची सरासरी नाही, जास्त किमतीची निम्मी खतं घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदीचा उतारा) काढून आणा, कार्यालयाने कोणती खतं धरली ते पण मागा. गंमत अशी की आपल्याकडे खरेदीखतात आकडा कमी दाखवून उरलेले रोख द्यायची सवय, त्यामुळे गावात खरा भाव माहीत सगळ्यांना आणि कागदावर कोणाच्याच नाही. मुद्रांकाचे वाचवलेले पैसे इथे असे फिटतात.

अजून एक, रेडीरेकनरात हायवेलगतच्या जमिनीला बऱ्याच ठिकाणी वेगळा दर असतो. तुमचा गट आतल्या शेतीच्या दरात तर टाकला नाही ना ते बघा.

सुगरण_नव्हे

आत्यांबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून मी लिहिते. आमच्या आईच्या माहेरी अगदी हेच झालं. मोबदला येणार कळल्यावर मामांनी सगळ्या बहिणींना हळदीकुंकवाला बोलवावं तसं तालुक्याला बोलावलं आणि हक्कसोडीवर सह्या घेतल्या, म्हणे 'नावं कमी असली की पैसे लवकर येतात'. नंतर आकडा कळला तेव्हा मावशी आणि मामा यांच्यात बोलणं बंद झालं ते आजतागायत. मुलींचा हिस्सा मुलांएवढाच आहे, त्यात आत्यांनी स्वखुशीने सोडला तर गोष्ट वेगळी, पण त्यांना निवाड्यातला अंदाज आकडा सांगून मग विचारा. कातळावरचा, तुम्ही तसे नसाल, तरी लिहून ठेवलं.

कातळावरचा

ताई, चांगलं केलंत. काका परवाच म्हणाले होते की आत्यांच्या सह्या घेऊन टाकू. मी म्हटलं थांबा.

मंडळअधिकारी_माजी

नावं कमी केल्याने पैसे लवकर येतात हे अर्धसत्य आहे. पैसे अडतात ते वारस नोंद नसल्यामुळे. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, फेरफार मंजूर झाला की सगळ्यांची नावं लागतात. ३डी मुळे सातबारावर भारत सरकारचं नाव लागायची प्रक्रिया चालू असेल, म्हणून त्याआधीचा सातबारा आणि जुने फेरफार आजच काढून ठेवा. वाटणीवर एकमत झालं तर सगळ्यांचं एकत्रित संमतीपत्र द्या. नाही झालं तर सक्षम प्राधिकारी ३एच खाली वाद दिवाणी न्यायालयात पाठवतात आणि पैसे तिथे पडून राहतात. परशुराम घाटात देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यात मोबदल्याच्या वाटणीवरून काय रखडलं ते सगळ्या कोकणाने पाहिलंय, वर दरडीची भीती ती वेगळीच.

म्हापशेकार

गोंयांत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो, म्हणून मध्येच तोंड घालतो. आमच्याकडे घर एकाचं आणि जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, तिथे मुंडकार घर करून पिढ्यानपिढ्या राहतो. मुंडकार कायदा १९७५ चा असून अजून कित्येकांची नावं नोंदीत नाहीत. नोटीस भाटकाराच्या नावाने, घर पडणार मुंडकाराचं. भोमला लोकांनी रस्त्याविरुद्ध एवढी वर्षं धरून ठेवलंय त्यात घरं आणि देवळं जाण्याचीच भीती होती, मोबदल्याची भाषा तिथे कोणी फारशी केलीच नाही. बायपास बाहेरून न्या, हीच मागणी. तुमच्याकडे कुळांचं, गावठाणातल्या घरांचं असंच असणार.

शिंपीआळी

असंच. आमच्या इथे एका न्हाव्याचं दुकान होतं, जागा भाड्याची, मालक मोबदला घेऊन मोकळा आणि याच्या हातात काही नाही, कारण ३जी च्या नोटिशीत आपणही दावा टाकू शकतो हे त्याला कोणी सांगितलंच नाही. त्याला वाटलं नोटीस म्हणजे मालकाची. आता पुलाखाली खुर्ची टाकून बसतो.

दुबईचा_दादा

तुमचा चुलतभाऊ दुबईला आहे म्हणालात, मीही तिथलाच. त्याने कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं झालं तर भारतीय कॉन्सुलेटमधून सही साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्या, हे विसरलं की कार्यालयात तो कागद परत तोंडावर येतो. मजकुरात 'भूसंपादनाचा दावा मांडणे, लवादापुढे हजर राहणे, रक्कम स्वीकारणे' असं स्पष्ट पाहिजे. जमीन विकायचे अधिकार कशाला लिहायचे, नुसती भांडणं.

खलाशी_मामा

मी परत आलो ☺ एक प्रामाणिक शंका. पैसे घेतले तर भांडायचा हक्क जातो असं गावात सांगतात. आमच्या भावकीतले दोघे त्याच भीतीने चेक घेत नाहीयेत.

काळाकोट

मामा, घ्या म्हणावं. 'निषेध नोंदवून, हक्क राखून स्वीकारत आहे' असं पावतीवर आणि वेगळ्या अर्जात लिहायचं, आणि पोच ठेवायची. पैसे घेतले नाहीत तरी ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा झाले की ६० दिवसांची ताब्याची नोटीस येतेच. तुमचा चेक कपाटात राहतो, बुलडोझर थांबत नाही.

वाढीव मोबदल्यासाठी ३जी(५) खाली लवादाकडे जायचं. लवाद केंद्र सरकार नेमतं, महाराष्ट्रात बहुतेक जिल्हाधिकारी किंवा अपर आयुक्त दर्जाचे अधिकारी असतात, म्हणजे महसूलचा निवाडा महसूलच तपासतो, यावर माझं मत विचारू नका. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून ती जमा होईपर्यंत ९ टक्के व्याज देण्याची तरतूद आहे. लवादाकडे जायला हायवे कायद्यात मुदत छापलेली नाही, म्हणून लोक निवांत बसतात आणि मग समोरचे वकील उशीर झाल्याचा, मुदतमर्यादेचा मुद्दा काढतात. लवकर जा.

लवादाचा निवाडा पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालय, तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यापुढे एक दिवससुद्धा मिळत नाही. आणि तिथे कोर्ट नव्याने दर ठरवत बसत नाही. हकीम प्रकरणात २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम ३४ मध्ये निवाडा रद्द होऊ शकतो, बदलता येत नाही. २०२५ मध्ये घटनापीठाने मर्यादित दुरुस्तीची वाट थोडी उघडली. पण ती खरंच मर्यादित आहे, तेव्हा पुरावा जो काय द्यायचा तो प्रांत आणि लवाद याच दोन पायऱ्यांवर. वर अण्णांनी पंचनाम्याबद्दल जे लिहिलंय त्याचं कायद्यातलं कारण हे.

वर्गणीदार

बाकी ते टक्केवारीवाले एजंट फिरतात त्यांचं काय करायचं? आमच्या गावात एकजण कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या घेतोय, वाढीव रकमेत तीस टक्के.

मंडळअधिकारी_माजी

कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याला कोणी वाचवू शकत नाही. वकिलाची फी द्या, पावती घ्या. संयुक्त मोजणी अहवाल, मूल्यांकन तक्ता, धरलेली खरेदीखतं, हे सगळं माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतं. एजंट तेच काढतो. अधिसूचना राजपत्राच्या संकेतस्थळावर गट नंबरसकट असतात.

वर्गणीदार

आणि टॅक्स? सीए म्हणाला कॅपिटल गेन भरावा लागेल.

काळाकोट

सीए बदला, किंवा त्याला प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१६ चं ३६ नंबरचं परिपत्रक दाखवा. २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही, शेतजमीन नसली तरी. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून परत मागायचा. व्याजाच्या भागावर मात्र वाद होतात, ती रक्कम वेगळी दाखवून सल्ला घ्या.

ऊसवाला_शिरोळ

समृद्धीला थेट खरेदीखत करून पाचपट दिले, तिथं लोकांनी घासाघीस करत का होईना सह्या दिल्या. मग शक्तिपीठाला कोल्हापुरात एवढा विरोध का, असं मला पुण्याचा मेव्हणा विचारतो. मी म्हटलं दाजी, बागायत गेल्यावर पैशाचं काय करू, तुमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊस लावू? सगळ्यालाच मोबदला हे उत्तर नसतं.

सुगरण_नव्हे

हे वाक्य पहिल्या पानावर पाहिजे होतं.

कातळावरचा

मंडळी, उशिरा लिहितोय पण लिहितो. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे हरकत टाकली, पोच घेतली. आवक खिडकीवर आधी म्हणाले 'मोजणीवर आता हरकत घेता येत नाही', मी म्हटलं तसं लेखी द्या, मग गपचूप शिक्का मारला. फेरपाहणीला दोघं आले, यावेळी मी रजा काढून हजर होतो आणि गावातला एक सिव्हिल इंजिनिअर मित्र सोबत. विहीर लागली कागदावर, व्यास आणि खोलीसकट. पडवीचं 'कच्ची, पत्र्याची' खोडून 'चिरेबंदी खांब, कौलारू' झालं. लादी मात्र लिहायला तयार नव्हते, पोत्यांखाली दिसत नाही म्हणे, मग भावाने साखरेची पोती एकट्याने ओढून बाजूला केली तेव्हा लिहिली.

कलमांवर अडलंय. मोजणीवाल्यांचं म्हणणं हापूस की रायवळ हे ठरवणं त्यांचं काम नाही, कृषीचं. कृषीवाले म्हणतात आम्हाला यादीत जे येतं त्याप्रमाणे आम्ही करतो. मोहर आता गळून गेलाय, फळ अजून सुपारीएवढं.

३जी ला आमचे दोन दावे गेले, एक सगळ्या वारसांचा, आत्यांसकट, आणि एक भावाचा दुकानाचा. घर पूर्ण घ्या ही मागणी पण टाकली. काका रागावलेत, त्यांना घर सोडायचं नाही, अर्ध्यात राहीन म्हणतात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, तो विषय या धाग्याचा नाही.

अण्णा, कलमांसाठी काय करू? कृषी विद्यापीठाचं कोणी येऊन दाखला देतं का?

मंडळअधिकारी_माजी

तालुका कृषी अधिकाऱ्यांना सक्षम प्राधिकाऱ्यांमार्फतच समक्ष पाहणीचं पत्र जाऊ द्या, तुम्ही परस्पर आणलेला दाखला ते बाजूला ठेवतील. फळ सुपारीएवढं आहे ना, मग थांबा थोडं. पाहणीची तारीख फळ धरल्यावरची मागा, आणि कलम बांधल्याचा जोड बुंध्यावर खाली दिसत असेल तर माती उकरून त्याचा जवळून फोटो घ्या. कलमं जिथून आणली त्या रोपवाटिकेची पावती मिळाली तर उत्तम, नाहीतर कुठल्याही साली आंबा बाजार समितीला पाठवला असेल त्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) शोधा. बाबांच्या दुकानाच्या जुन्या वह्यांत सापडेल बघा.

कातळावरचा

पट्ट्या आहेत! वाशीच्या दलालाच्या, आजोबांच्या नावाने. काकांनी तारेला ओवून ठेवल्यात. स्कॅन करून शुक्रवारी अर्जासोबत देतो.

मंडळअधिकारी_माजी

मूळ पट्ट्या देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत आणा.